दहा परस तंगूस

फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळ. हजर: भाऊ, नाना, मी. वहिनी काठावर, चादर टाकून. सामान: रॉड, रीळ, तंगूस, गळाचे दोन चमचे, पक्कड, टॉवेल, पाणी, भाकरी आणि ठेचा, भाऊच्या गोळ्यांची डबी. विसरलेलं: टोप्या.

कुठलंही काम सुरू करताना कोण आलं आणि काय आणलं हे मी आधी लिहून ठेवते. कॉलेजच्या ऑफिसात हजेरीपटांवर आयुष्य गेलं, त्याची ही सवय. लग्न केलं नाही. भाऊच्या घराला लागून माझ्या दोन खोल्या आहेत. दोन्ही घरांचं वाणसामान, वीजबिल, गॅसचा नंबर, दवाखान्याच्या तारखा हे सगळं माझ्याकडेच असतं. भाऊ आजारी पडला तेव्हा त्याचा आजारही माझ्याकडेच आला.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. शिरपूरला स्टँडच्या रस्त्यावर त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरी उघडून त्यात तांब्याच्या तारेचे वेढे नव्याने भरायचे, आणि विहिरीत, बोअरमध्ये पंप सोडायचे, हा त्याचा धंदा. पार फैजपूरकडचे केळीवाले त्याला बोलवायचे. मग त्याच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. धुळ्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. वेढे भरताना तार सुटायला लागली आणि वर्षभरात दुकानाचं शटर खाली आलं. शेतकरी अजून फोन करतात, पण ते फक्त विचारायला. पंप किती खाली सोडू, पाणी कुठे लागेल. भाऊ दोनचार प्रश्न विचारतो आणि आकडा सांगतो. त्यात तो कधी चुकला नाही, असं सगळे म्हणतात. आता त्याच्याकडे तेवढंच उरलं आहे.

दुकान गेल्याचं त्याने फारसं बोलून दाखवलं नाही. मासे धरणं गेलं, ते मात्र त्याच्या जिवाला लागलं. पूर्वी सुट्टीच्या दिवशी तो तापीच्या काठावर जाऊन बसायचा. रॉड वगैरे काही नाही. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बोटाला गुंडाळलेली. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हा बोटाला एक बारीक झटका कळतो, त्यावर सगळा खेळ. आता बोटच झटके द्यायला लागलं. त्याला सारखं मासा लागल्यासारखं वाटायचं. ओढून बघायचा, काही नसायचं. पुन्हा टाकायचा, पुन्हा ओढायचा. एका संध्याकाळी तंगूस काठावरच टाकून तो रिकाम्या हाताने घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याने मोबाइलवर ती दुसरी पद्धत पाहिली. कुठल्या तरी परदेशातलं मोठं तळं. माणसं नावेत बसलेली, नाव चाललेली, आणि मागे लांबवर तंगुसाच्या टोकाला चमच्यासारखा चकाकणारा पत्रा पाण्याखालून ओढला जातोय. खोल पाण्यातला मोठा मासा त्याला पळणारी मासळी समजून तोंडात धरतो. मग रॉडचं टोक वाकतं. ते डोळ्यांना दिसतं, बोटाला कळायची गरज नाही.

"बाई, हाई मना हातले जमी," भाऊ म्हणाला. तो मला बाई म्हणतो.

"काय धरशील?"

"शिवडा. एकच. पन मोठा. आन वढसू मी, तू हात लावानं नही."

शिवडा म्हणजे बिनखवल्यांचा, रुंद तोंडाचा मासा. माणसाच्या कमरेएवढा वाढतो, उन्हाळ्यात धरणाच्या तळाशी जाऊन बसतो. भाऊला तो आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

"मंग हात ऱ्हायनात काय नि गयात काय," तो म्हणाला, आणि हसला. त्या आजारात चेहऱ्यावर हसू उमटायला वेळ लागतो. मी ते पूर्ण उमटेपर्यंत थांबले आणि कामाला लागले.

रॉड आणि रीळ मागवलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणावर मासेमारी संस्थेकडून रविवारची परवानगी काढली. नाना तिथे जाळी लावतात. त्यांची इंजिनाची नाव ठरवली. नाना वयाने मोठे, आयुष्य पाण्यावर गेलेलं, पण जाळ्याचा माणूस. ही पद्धत त्यांनीही पाहिली नव्हती.

"म्हणजे नाव फिरवानी, आन मासानी मांगे पळानं?" त्यांनी विचारलं.

"हां."

"पेट्रोल जाळीसन मासाले फिरायला नेवानं. बरं शे."

पहिल्या दिवशी आम्ही आधी खोली मोजली. आमच्याकडे विहिरीची खोली परसात सांगतात. दोन्ही हात पसरून दोर ताणला की एक परस. हे काम भाऊचं. त्याने नाव थांबवायला लावली, तंगुसाला चमचा आणि शिशाचा एक मणी बांधला आणि सोडला. हात थरथरत होता, पण तंगूस सोडताना तो जरा शांत झाल्यासारखा वाटला. वर्षानुवर्षं त्याने हेच केलं होतं. चमचा तळाला टेकला, तंगूस ढिली पडली. त्याने ती ओढून घेत परस मोजले. अकरा.

"तळले नही लागू देवानं. एक परस वर," तो म्हणाला. "मासा तठेच बठेल व्हई."

मग मी दहा परसांवर लाल लोकरीचा धागा बांधला. धागा रॉडच्या टोकापाशी येईपर्यंत तंगूस सोडायची आणि रीळ अडकवायचं, असा नियम केला. नानांनी इंजिन सुरू केलं. तंगूस मागे तिरपी होत पाण्यात गेली. भाऊ रॉड दोन्ही हातांत धरून बसला. मी घड्याळ पाहिलं. गोळी घेतल्यावर काही वेळ त्याचे हात बरे असतात. तेवढ्या वेळात धरणाच्या भिंतीपासून पळसाच्या टेकाडापर्यंत जास्तीत जास्त फेऱ्या व्हाव्यात, असं मी ठरवलं होतं. म्हणून नानांना म्हटलं, "जरा जोरात चालू द्या."

त्या दिवशी काही लागलं नाही. पुढच्या रविवारीही नाही.

फेब्रुवारी गेला. मार्च गेला. पाणी उतरत गेलं तसं दर रविवारी आधी नाव थांबवून खोली मोजायचो आणि लोकरीचा धागा नव्या जागी बांधायचो. चमचे बदलले. एक भाऊने स्वतः घासून केला, मोटरच्या तांब्याच्या पट्टीचा. त्याला तेवढ्याला आठवडा लागला, बोटांना कापल्याच्या खुणा झाल्या, पण चमचा सुंदर झाला होता. पाण्यात सोडताना उन्हात लालसर चमकला. नाना म्हणाले, "हाऊ तं मीच गिळी टाकसू." भाऊ हसला. मासा लागला नाही.

वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांच्या घरात मासा कधी आला नाही. भाऊ पूर्वी जे धरायचा ते वाटेतच कुणाला तरी देऊन यायचा. तरी त्या दर रविवारी यायच्या, काठावरच्या बाभळीखाली बसायच्या, आणि आम्ही परतलो की पहिला टोमणा त्यांचा.

"मासा धराले जातस का मासाले हवा खावाडाले?"

"तुले काय करनं?" भाऊ म्हणायचा. "तू थोडीच खाशी?"

"मी नही खाव. पन देखसू तं खरी, कोनामुळे मना रविवार जास ते."

एप्रिलमध्ये एकदा मी त्यांच्या मागच्या पडवीत काहीतरी शोधत होते, तर कोपऱ्यात एक नवी कढई दिसली. किमतीचं लेबल तसंच चिकटलेलं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "चूल बाहेरच मांडसू. घरमा नही." आणि पदर खोचून आत निघून गेल्या. माळ घातल्यापासून त्यांनी अंड्याच्या भांड्यालाही हात लावला नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. भाऊ एकटाच आस लावून बसला असता तर मी ते सोसलं असतं. पण आता सगळं घर त्या एका माशाची वाट पाहत होतं.

ऊन वाढलं. सकाळी आठलाच नावेचा पत्रा हाताला चटका देऊ लागला. भाऊचे हात बरे असण्याचा वेळ कमी होत गेला; गोळीचा असर लवकर उतरायचा. नावेत चढताना नाना पुढून आणि मी मागून धरायचो. आणि मासा का लागत नाही याचं भाऊने कारण शोधलं.

"पानीले बी समजी गयं," तो एका रविवारी म्हणाला. रॉडचं टोक त्याच्या हाताबरोबर थरथरत होतं, तो त्याच्याकडे पाहत होता. "हाई थरथर तंगुसवरथून खाले जास. मासा काय येडा शे? तो दूर पळी जास."

मी बोअरच्या केसिंगचा जाड पाइप कापून आणला, तो नावेच्या कडेला बांधला आणि रॉड त्यात उभा केला. आता हात लागायचा नाही, थरथर खाली जायची नाही. तरीही काही लागलं नाही. भाऊ त्या पाइपाकडे पाहत मांड्यांखाली हात दाबून बसायचा. परतताना तो नानांना म्हणाला, "नावमा मी बठेल शे ना, तेच पुरं शे."

परतल्यावर सामान आवरणं माझं काम. चमचा पुसायचा, गळाची टोकं बघायची, रीळ कोरडं करायचं. चमचा दर वेळी स्वच्छ असायचा. मी तो पुसून डबीत ठेवायचे.

मेच्या मध्याला भाऊ नावेतून उतरताना पडला. फार लागलं नाही, गुडघा सोलला. पण तो तिथेच ओल्या मातीत बसून राहिला आणि उठेना. वहिनी धावत आल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाला, "बाई, पुरं. आते नही." त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. फोन वाजला तर वहिनींकडे द्यायचा. कुणी पंपाचं विचारलं की मात्र फोन परत हातात घ्यायचा, दोन प्रश्न विचारायचा, आकडा सांगायचा, आणि पुन्हा पडून राहायचा. जेवण कमी झालं. डॉक्टर म्हणाले, औषध वाढवून याला उपयोग नाही, त्यांना काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. मी ते लिहून घेतलं. पुढे काय करायचं ते लिहिता आलं नाही.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी मी एकटी धरणावर गेले. पाइप सोडवून आणायचा होता आणि नानांचा हिशोब मिटवायचा होता. नाना म्हणाले, "अक्का, इतलं दूर उन्यात तं एक फेरी मारी घ्या." सामान गाडीत होतंच. खोली मोजली, आठ परसांवर धागा बांधला, रॉड पाइपात उभा केला, निघालो. नेहमीसारखंच.

अर्ध्या वाटेत इंजिनाची पेट्रोलची नळी सुटली आणि नाव थांबली. नाना शिव्या घालत नळी बसवू लागले. मी रॉडकडे पाहत बसले होते. मागे तिरपी असलेली तंगूस हळूहळू सरळ होत होती. होत होत ती नावेच्या अगदी कडेला उभी झाली, विहिरीत सोडल्यासारखी. वाऱ्याने नाव थोडी उथळाकडे सरकली आणि रॉडचं टोक जरासं खाली गेलं. मी ओढलं. वर आलेल्या चमच्याला काळा चिखल लागला होता आणि एक कुजलेलं पान.

मी तो चिखल बोटाने पुसला आणि तशीच बसून राहिले. त्या सबंध हंगामात चमच्याला चिखल मी एकदाही पाहिला नव्हता. कचराही नाही. कुठे अडकला नव्हता.

"नाना, काठाजवळ घ्या," मी म्हटलं. "जिथे पाणी दोन परस असेल तिथे."

इंजिन सुरू झालं होतं. आम्ही उथळ पाण्यावरून नेहमीच्या वेगाने गेलो, मागे आठ परस तंगूस सोडून. पाणी दोन परस, तंगूस आठ. चमचा तळावरून फरफटायला हवा होता. तो कुठेही लागला नाही. मी वर घेतला. स्वच्छ.

नाव उभी असताना तंगूस सरळ खाली जाते. नाव चालली की पाणी तिला मागे आणि वर रेटतं. जोरात चालली तर आणखी वर. आम्ही दर रविवारी उभ्या नावेतून तळ बरोबर मोजत होतो, मग इंजिन सुरू करत होतो, आणि चमचा पाण्याच्या वरच्या थरात उन्हात चमकत आमच्यामागे येत होता. मासे तळाशी होते. विहिरीत दोर सोडणाऱ्या माणसाला दोर म्हणजेच खोली. आम्हां तिघांपैकी कुणालाही हे सुचलं नाही. नानांचं जाळंही सरळच खाली बसतं.

मी पिशवीतलं सगळं शिसं तंगुसाला बांधलं. नानांना म्हटलं, "जितकं हळू जाईल तितकं हळू." इंजिन बंद पडेल की काय इतक्या मंद चालीने आम्ही भिंतीकडे वळलो. रॉडचं टोक अधूनमधून टकटक हलत होतं, शिसं तळाला घासत होतं. मी थोडी तंगूस आत घेतली.

मग रॉड एकदम वाकला आणि पाइप कडकडला.

ते ओढणं मी नीट सांगू शकत नाही. मला ते नको होतं. रीळ उलटं फिरत होतं, नाना ओरडत होते, "वढू नका, जाऊ द्या त्याले, आते घ्या, आते!" आणि मी घेत होते, कारण हातात आलेलं काम मी करते. बराच वेळ गेला. पाण्यावर आधी रुंद डोकं आलं, मग लांब मिशा, मग चंदेरी अंग येतच राहिलं. नानांनी जाळ्यात घेऊन त्याला आत ओढला. नावेच्या तळाशी तो तोंड उघडत-मिटत पडला. तांब्याचा चमचा त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात अडकला होता.

"भाऊले फोन लावा!" नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "लावा ना, अक्का!"

"नको."

"काबर?"

मी त्यांना सांगितलं. तिरपी तंगूस, नावेचा वेग. नानांना कळायला वेळ लागला नाही. ते माशाकडे बघत बसले आणि मग एक शिवी हासडली, कुणाला ते मला कळलं नाही.

"मंग तं सांगाले पाहिजे," ते म्हणाले. "त्याना हातना दोष नही ना. त्याले वाटस बठ्ठा दोष त्याना हातना."

"आणि मग दोष कशाचा सांगू? मोजलं त्याने."

मासा नानांनी घरी नेला. मी चमचा सोडवून घेतला, धुतला.

संध्याकाळी भाऊ खाटेवर उशाला टेकून बसला होता. मी आत गेले तशी त्याने मान वळवली.

"लागनं का काही?"

"नाही," मी म्हटलं.

मग त्याच्या चेहऱ्यावर ते हळू येणारं हसू यायला लागलं. कितीतरी दिवसांनी.

"बरं झायं," तो म्हणाला. "मी नसताना तुले लागता ना, बाई, तं मी समजी लेतू, का मनाच हातना दोष व्हता."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चोपड्याकडचा कुणी शेतकरी, नवी बोअर. भाऊने फोन कानाशी धरला, दुसऱ्या हाताने मनगट आवळून. दोन प्रश्न विचारले, डोळे मिटले आणि आकडा सांगितला. पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला असावा, कारण भाऊ म्हणाला, "अरे, मी सांगी ऱ्हायनू ना. तितलंच सोड."

वहिनी भाकरी घेऊन आल्या. त्याने अख्खी खाल्ली. मी पाहत होते.

मासा लागला एवढंच सांगितलं तर त्याला वाटेल की दोष त्याच्या हातांचाच होता. का लागला ते सांगितलं तर त्याचे हात दोषातून सुटतील, आणि ज्यासाठी लोक अजून त्याला फोन करतात ते जाईल. आणि वर तो विचारेल की मग पुढच्या हंगामात जाऊ का, आणि पुढच्या हंगामात त्याच्या हातात पाण्याचा पेला राहणार नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं आहे, त्याला नाही.

नाना बाजाराच्या दिवशी भाऊला भेटायला येणार आहेत. नावेतून उतरताना त्यांनी मला बजावलं होतं, "अक्का, तुम्ही सांगा. नही तं मी सांगसू. मना पोटमा काही ऱ्हात नही."

रॉड पुसून माळ्यावर ठेवला. रिळाला तेल दिलं. संस्थेची परवानगी परत केली. नानांचा हिशोब झाला. भाऊला सांगायचं राहिलं आहे.